हिंवतापाची लस आणि झांकलेलें पाणी

गेल्या आश्विनांतली गोष्ट. अंबरनाथ येथील एका परिचित कुटुंबांत आम्ही कांहीं कामानिमित्त गेलों होतों. माजघरांत दहा वर्षांचा मुलगा दोन रजया अंगावर घेऊन कुडकुडत पडला होता. श्रावणांत त्याला एकदां हिंवताप येऊन गेला होता. औषध घेतल्यावर तो पूर्ववत् खेळूं लागला होता. आणि आतां तोच ताप पुन्हां उलटून आला होता. चहाचा पेला आमच्यापुढें ठेवतांना मुलाची आई म्हणाली, "काका, हिंवतापावरची लस पुण्यांत तयार होते आणि पेट्या भरभरून आफ्रिकेंत जाते, असें मी वाचतें. पुणें तें केवढें दूर ! आमच्या दारावरून जाणारे रूळ तेथेंच जातात. मग माझ्या मुलाच्या दंडाला ती लस कां नाहीं ?"

प्रश्न साधा होता, परंतु चहाचा पेला संपेपर्यंत उत्तर देतां यावें असा नव्हता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गांवांतून पावसाळ्याच्या उत्तरार्धांत हा प्रश्न पुष्कळ आयांच्या मनांत येत असेल. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न या लेखांत केला आहे.

बहुरूपी शत्रु

हा ताप आपल्या लोकांस नवा नाहीं. एक दिवस आड येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस आड येणारा तो चतुर्थक, अशी वांटणी आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत विषमज्वर या सदराखालीं केलेली आढळते. (हल्लीं विषमज्वर हा शब्द टायफॉइडच्या तापास लावतात; जुना अर्थ त्याहून निराळा.) आपल्या आज्या त्यालाच एकांतरा म्हणत. ताप असा दिवस मोजून कां येतो, याचा उलगडा मात्र फार उशिरां झाला. १८८० मध्यें लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें अल्जीरियांत एका रुग्णाच्या रक्तांत या रोगाचा परोपजीवी जंतु प्रथम पाहिला. तांबड्या रक्तपेशींत शिरून तो वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो, आणि अशा असंख्य पेशी एकाच वेळीं फुटल्या म्हणजे अंगांत हींव भरतें, हें त्यानंतर कळून आलें.

१८९७ हें वर्ष आपल्या देशाच्या वैद्यकीय इतिहासांत दोन कारणांनीं स्मरणीय आहे. त्या वर्षीं १० जानेवारीस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन यांनीं स्वतः सिद्ध केलेली प्लेगची लस प्रथम आपल्याच अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु दिसला. हाफकिन मुंबईस आले ते १८९६ च्या ऑक्टोबरांत. म्हणजे प्लेगची लस अवघ्या तीन महिन्यांत तयार झाली. उलट, रॉस यांच्या शोधापासून जागतिक आरोग्य संघटनेनें हिंवतापाच्या पहिल्या लसीची शिफारस करीपर्यंत १२४ वर्षें लोटलीं. एकाच वर्षीं दोन रोगांचीं मर्में हातीं यावीं, आणि एकावरची लस तीन महिन्यांत तर दुसऱ्यावरची सव्वाशें वर्षांनीं निघावी, असें कां व्हावें ?

याचें कारण शत्रूच्या स्वभावांत आहे. प्लेगचा जंतु एकरूपी. मांसरसाच्या भांड्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून हाफकिन यांनीं तो वाढविला, उष्णतेनें मारला आणि तोच लस म्हणून टोंचला. हिंवतापाचा जंतु असा भांड्यांत वाढत नसे. जिवंत रक्तपेशी हेंच त्याचें घर. त्याच्या फाल्सिपेरम या घातक जातीला प्रयोगशाळेंत सतत वाढविण्याची रीत १९७६ मध्यें ट्रेगर व जेन्सन या अमेरिकन संशोधकांनीं शोधून काढली, तोंपर्यंत लसीचें नांव घेणेंहि कठीणच होतें.

दुसरें असें कीं, हा जंतु खरोखरीचा बहुरूपी आहे. दारावर येणारा बहुरूपी आज पोलिस, उद्यां वैरागी होऊन येतो, आणि कालचें रूप ध्यानांत ठेवणारा आज फसतो. तशीच याची रीत. डांस चावतो तेव्हां सोंडेच्या लाळेबरोबर कांहीं थोडीं सूक्ष्म बीजें आपल्या अंगांत उतरतात. तासाच्या आंतबाहेर तीं यकृतांत पोंचतात. तेथें सुमारें आठवडाभर कोणतेंहि लक्षण न दाखवितां एकाचीं हजारों होतात. मग तीं निराळ्या रूपानें रक्तांत येऊन तांबड्या पेशींत शिरतात. आणि त्यांतील कांहीं आणखी निराळें रूप घेऊन पुढच्या डांसाची वाट पाहत राहतात. या प्रत्येक रूपाचें आवरण वेगळें. शरीरानें एक ओळखून प्रतिकाराची सिद्धता करावी, तों जंतूनें दुसरें पांघरलेलें असतें. देवी किंवा गोंवर एकदां येऊन गेला कीं माणूस जन्मभर निर्धास्त होतो. हिंवताप मात्र एकाच माणसाला दहा वेळां येतो. निसर्गालाच जें पुरतेपणीं साधत नाहीं, तें लसीकडून साधावयाचें होतें.

पुण्याची लस

मार्ग असा सांपडला. १९६७ मध्यें न्यूयॉर्क येथें रूथ नुसेन्झ्वाइग या विदुषीनें डांसांतील बीजें क्षकिरणांनीं दुर्बल करून उंदरांस टोंचलीं. ते उंदीर पुढें रोगापासून बचावले. म्हणजे शत्रूला घरांत घुसल्यावर नव्हे, तर उंबरठ्यावरच, यकृतांत शिरण्यापूर्वींच, अडविणें शक्य आहे असें ठरलें. परंतु डांसांच्या लाळेंतून बीजें काढून कोट्यवधि मुलांना तीं कशीं पुरवावयाचीं ? म्हणून बीजाच्या आवरणावरील एका प्रथिनाकडे संशोधकांचें लक्ष गेलें. या प्रथिनाच्या रचनेंत चार घटकांचा एकच क्रम, मुलानें पाढा घोकावा तसा, पुनः पुनः येतो. शरीरास हाच पाढा शिकवावा, म्हणजे खरें बीज येतांच तें ओळखलें जाईल, असा हा विचार होता.

या विचारावर पहिली लस उभारली ती ग्लॅक्सो कंपनी व अमेरिकेची वॉल्टर रीड लष्करी संशोधनसंस्था यांनीं. आर.टी.एस.एस. नांवाच्या या लसीचें काम १९८७ मध्यें सुरू झालें. २००९ ते २०१४ या काळांत आफ्रिकेंतील सात देशांत पंधरा हजारांहून अधिक मुलांवर तिची परीक्षा झाली. ५ ते १७ महिन्यांच्या मुलांत चार मात्रांनंतर चार वर्षांच्या अवधींत हिंवतापाचें प्रमाण सुमारें शेंकडा ३६ नें घटलें. आंकडा लहान दिसतो. परंतु घाना, केनिया व मालावी येथें २०१९ पासून ती प्रत्यक्ष देऊं लागल्यावर त्या वयाच्या मुलांतील अपघाताखेरीज इतर सर्व कारणांनीं होणारे मृत्यु शेंकडा १३ नें कमी झालेले आढळले. ६ ऑक्टोबर २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली.

दुसरी लस आर-२१. ती ऑक्सफर्डच्या जेनर संस्थेंत एड्रियन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचिली, आणि तयार होते ती पुण्यास, सायरस पूनावाला यांनीं १९६६ मध्यें स्थापिलेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें. तिची घडण सांगण्यासारखी आहे. तो पाढ्याचा तुकडा बी जातीच्या काविळीच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनास जोडतात, आणि हें जोड-प्रथिन यीस्ट म्हणजे किण्वाच्या पेशींकडून तयार करवून घेतात. त्याचे आपोआप बारीक गोल कण बनतात व प्रत्येक कणाच्या अंगावर तो पाढा दाटीनें मांडला जातो. या कणांत विषाणूहि नाहीं व हिंवतापाचा जंतुहि नाहीं. आहे तें केवळ त्याचें चित्र. पण निर्जीव चित्राकडे शरीराचें लक्ष वेधावें कसें ? त्यासाठीं लसींत मॅट्रिक्स-एम नांवाचें एक उत्तेजक द्रव्य मिसळतात. तें दक्षिण अमेरिकेंतील क्विलाया या वृक्षाच्या सालींतून काढलेल्या सॅपोनिनांपासून बनतें. आपल्या रिठ्याला व शिकेकाईला ज्या द्रव्यांमुळें फेस येतो, त्यांच्याच वर्गांतलीं हीं द्रव्यें. न्हाणीघरांतल्या रिठ्याचा असा दूरचा भाऊबंद लसीच्या कुपींत जाऊन बसला आहे, हें पाहून कौतुक वाटल्याविना राहत नाहीं.

बुर्किना फासो, केनिया, माली व टांझानिया या देशांतील सुमारें ४,८०० मुलांवर या लसीची मोठी परीक्षा झाली. ठराविक ऋतूंतच हिंवताप येतो अशा ठिकाणीं पहिल्या वर्षांत शेंकडा ७५, आणि बारमहा ताप असलेल्या ठिकाणीं शेंकडा ६८ इतकें संरक्षण मिळालें. एका महिन्याच्या अंतरानें तीन मात्रा आणि वर्षानें चौथी, असा तिचा क्रम आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिचीहि शिफारस केली. २०२४ च्या जुलैंत कोट दि'व्हॉर देशांत ती नियमित लसीकरणांत प्रथम दाखल झाली. तिची किंमत मात्रेस दोन ते चार डॉलर, आणि वर्षास दहा कोटि मात्रा काढण्याची तयारी पुण्याच्या संस्थेनें २०२३ मध्येंच जाहीर केली होती. ज्या खंडांत हा रोग लहान मुलांचा काळ झाला आहे, त्याच्या हातीं महाराष्ट्रांतून ही ढाल जाते, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे यांत शंका नाहीं.

मग आमच्या मुलांना कां नाहीं ?

आतां त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळूं. पहिलें कारण न्यायाचें आहे. २०२३ मध्यें जगांत सुमारें २६ कोटि ३० लक्ष लोकांस हिंवताप झाला आणि ५ लक्ष ९७ हजार माणसें त्यानें दगावलीं. त्यांतील शेंकडा ९५ मृत्यु आफ्रिकेंत झाले, आणि त्यांतहि बहुतेक पांच वर्षांखालील मुलांचे. त्याच वर्षीं भारतांत सरकारदरबारीं नोंदले गेलेले रुग्ण सुमारें २ लक्ष २७ हजार व मृत्यु ८३ होते. जेथें घरोघर चितेची भीति आहे तेथें लस आधीं जावी, हें कोणाहि सहृदय माणसास पटेल.

दुसरें कारण शास्त्राचें आहे, आणि तें अधिक महत्त्वाचें. हिंवतापाचे जंतु एका जातीचे नाहींत. आफ्रिकेंत प्राबल्य आहे तें फाल्सिपेरम जातीचें. ती मेंदूपर्यंत जाऊन प्राण घेते. वरच्या दोन्ही लसी तिच्यापुरत्याच आहेत. आपल्याकडे तीहि आहे, विशेषतः डोंगराळ व अरण्यमय मुलखांत. परंतु मुंबई-ठाण्याच्या शहरी पट्ट्यांत जास्त आढळते ती व्हायव्हॅक्स. हिचाच ताप तो तृतीयक. हिच्या बीजावरचा पाढा निराळा असल्यामुळें फाल्सिपेरमचा पाढा शिकलेलें शरीर हिला ओळखीत नाहीं. अर्थात्, पुण्याची लस त्या मुलाच्या दंडांत टोंचली असती, तरी त्याला आलेला ताप तिनें थांबविला नसता. कारण त्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर व्हायव्हॅक्स हेंच नांव होतें.

व्हायव्हॅक्सचा एक कावा तर असा आहे कीं, तो ऐकून वाचकांनीं सावध व्हावें. यकृतांत गेलेल्या बीजांपैकीं कांहीं तेथेंच निजून राहतात. रक्तांतील जंतु औषधानें मेले, ताप गेला, मुलगा शाळेंत जाऊं लागला. आणि कित्येक आठवड्यांनीं, केव्हां केव्हां महिन्यांनीं, निजलेलें बीज जागें होतें. मग नवा डांस न चावतांहि ताप उलटतो. म्हणून व्हायव्हॅक्सच्या उपचाराचे दोन भाग असतात: ताप उतरविणारें क्लोरोक्विन तीन दिवस, आणि निजलेल्या बीजांचा नायनाट करणारें प्रायमाक्विन चौदा दिवस. हें दुसरें औषध गर्भवतींस व तान्ह्या मुलांस देत नाहींत. आणि ज्यांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव असते त्यांस तें बाधतें. यास्तव तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. पण त्यांनीं सांगितल्यावर मध्येंच सोडूंहि नये.

व्हायव्हॅक्सची लस कोण काढणार ?

फाल्सिपेरमवर दोन लसी निघाल्या, मग व्हायव्हॅक्सवर एकहि कां नाहीं ? येथें आपला स्वतःचा संबंध येतो. व्हायव्हॅक्स तांबड्या पेशींत शिरते ती पेशीवरील डफी नांवाच्या एका दाराची कडी उघडून. पश्चिम आफ्रिकेंतील बहुतेक लोकांच्या पेशींवर हें दारच नसतें; त्यामुळें तेथें ही जात क्वचितच आढळते. आपल्या पेशींवर तें असतें. म्हणून जगांतील व्हायव्हॅक्सच्या रुग्णांत फार मोठा वांटा भारताचा आहे. शिवाय ही जात प्रयोगशाळेंत सतत वाढविण्याची रीत अद्याप साधलेली नाहीं. प्रत्येक प्रयोगासाठीं रुग्णाच्या ताज्या रक्ताकडे धांवावें लागतें. संकट ज्याचें, संशोधनहि त्यानेंच करावें, असा हा प्रसंग आहे.

असें काम आपल्या देशांत मुळींच झालेलें नाहीं असें मात्र नव्हे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पदार्थविज्ञान शिकलेले डॉ. चेतन चिटणीस यांनीं दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक-अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रांत वर्षानुवर्षें याच डफीच्या दारावर लक्ष केंद्रित केलें. जंतूच्या ज्या प्रथिनानें ती कडी उघडली जाते, त्याचाच एक तुकडा लस म्हणून टोंचावा, म्हणजे शरीर ती किल्लीच निकामी करील, अशी ही कल्पना. या लसीची प्राथमिक परीक्षा भारतांत निरोगी स्वयंसेवकांवर झाली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्यें प्रसिद्ध झाले. पुढें ऑक्सफर्ड येथें त्याच प्रथिनाची मॅट्रिक्स-एम सह परीक्षा घेण्यांत आली. त्यांत स्वयंसेवकांच्या रक्तांतील जंतूंच्या वाढीचा वेग सुमारें निम्म्यावर आला, असें २०२३ मध्यें जाहीर झालें. वेग निम्मा होणें म्हणजे रोग थांबणें नव्हे. पण अंधारांत एक पणती लागली असें म्हणावयास हरकत नाहीं.

भुवनेश्वर येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रानें ॲडफाल्सिव्हॅक्स नांवाची एक लस सिद्ध केल्याचें २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें. ताक-लोण्यांत आढळणाऱ्या लॅक्टोकॉकस या निरुपद्रवी जंतूकडून तिचें प्रथिन बनवून घेतलें आहे. ती टोंचून घेणाऱ्याचें रक्षण करावें आणि त्याला चावलेल्या डांसाच्या पोटांतहि जंतूची वाढ खुंटवावी, म्हणजे शेजाऱ्याचेंहि रक्षण व्हावें, असा तिचा दुहेरी हेतु आहे. मात्र तीहि फाल्सिपेरमपुरतीच आहे, आणि माणसांवरील परीक्षांची सगळी वाट तिला चालावयाची आहे. ज्या घरांतून मुलेंमुली विज्ञानशाखेकडे जातात, त्या घरांनीं येथें एक क्षण थांबावें. डॉक्टर होणें, अभियंता होणें, परदेशीं जाणें हे सारे मार्ग चांगलेच. परंतु आपल्याच गल्लींतल्या तापावरची लस आपल्याशिवाय दुसरें कोणी काढील याचा भरंवसा थोडा. हें कार्य एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या आयुष्यास पुरून उरेल एवढें मोठें आहे.

ब्रह्मास्त्राचा धडा

परंतु लस येईल त्या दिवसाची वाट पाहत बसावें काय ? आपल्याच प्रांताचा इतिहास याचें उत्तर देतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरवर्षीं साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई व आठ लक्ष माणसें त्यानें मरत, असा अंदाज आहे. १९४६ च्या सुमारास तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनीं धारवाड व कारवार जिल्ह्यांच्या खेड्यांतून डी.डी.टी.ची फवारणी करून रोग झपाट्यानें हटवून दाखविला. त्या यशानंतर १९५३ मध्यें राष्ट्रीय मोहीम निघाली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची वार्षिक संख्या एक लाखावर उतरली. शत्रु मेला असें समजून आपण निश्चिंत झालों. फवारणी सैल पडली, डांसांना विष पचूं लागलें, आणि १९७६ मध्यें तोच आंकडा चौसष्ट लाखांवर गेला. ब्रह्मास्त्र हातीं आलें म्हणून घराचें दार उघडें टाकणाऱ्याची जी गत व्हावयाची तीच झाली. उद्यां लस आली तरी हा धडा विसरून चालणार नाहीं.

सोंवळें पाणी

आमच्या या तीन गांवांत दार उघडें राहतें तें कोठें ? कोणासहि विचारा, तो वालधुनीकडे बोट दाखवील. अंबरनाथाच्या शके ९८२ मधील शिवालयाजवळून वाहणाऱ्या त्या नदीची आज जी दशा झाली आहे, ती पाहून मन विषण्ण होतें, आणि तिच्या काळ्या पाण्यावर डांसांचे थवे उठतात हेंहि खरें. परंतु ते डांस बहुशः निराळ्या जातीचे, क्युलेक्स नांवाचे. ते झोंप मोडतात, पण हिंवताप देत नाहींत. हिंवतापाचा शहरी डांस, ॲनॉफेलिस स्टीफेन्सी, हा मोठा सोंवळा प्राणी आहे. त्याला गटार चालत नाहीं. त्याला हवें असतें तें नितळ, स्वच्छ, स्थिर पाणी. गच्चीवरची टांकी, हौद, विहीर, आणि सज्जांत भरून ठेविलेलें पिंप.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वींच मुंबईत सिद्ध झाली आहे. मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं १९११ मध्यें जो अहवाल दिला, त्यांत याच डांसाकडे व शहरांतील विहिरी-टांक्यांकडे बोट दाखविलें होतें. विहिरी बुजवा अगर झांका, असा हुकूम निघतांच धर्मकृत्यांस विहिरीचेंच पाणी लागतें अशी हरकत पारशी व हिंदु या दोन्ही समाजांतून आली. अखेरीस पुष्कळ ठिकाणीं विहिरीवर घट्ट आच्छादन व त्यांत पाणी काढण्यापुरतें झडपेचें दार, अशी तडजोड झाली. धर्महि राहिला आणि डांसहि अडला.

आतां आमच्याकडची स्थिति पाहा. उल्हासनगर वसलें तें महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित तेथें येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस नदीचें नांव मिळालें. अंबरनाथ कारखान्यांभोंवतीं वाढलें. बदलापूर कालपर्यंत भातशेतीचें गांव होतें. आज तेथें जिकडे तिकडे इमारती उठत आहेत. तिन्हींची एक अडचण समान आहे: नळाला पाणी ठराविक वेळींच येतें. म्हणून प्रत्येक घर सांठवण करतें. मजल्यामजल्यावर पिंपें, गच्चीगच्चीवर टांक्या. चालू बांधकामांवर सिमेंट भिजविण्यासाठीं पाणी तुंबवून ठेवतात, आणि तेथें राबणारे मजूर दूरदूरच्या मुलखांतून कधीं कधीं रक्तांत जंतु घेऊनच येतात. डांस, पाणी आणि जंतु यांचा त्रिवेणी संगम होण्यास आणखी काय हवें ? उल्हास नदीच्या कांठीं राहणाऱ्यांस पाणी जपून ठेवावें लागतें हें दुर्दैव. पण तें उघडें ठेवणें हा मात्र आपला दोष.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हाच आपला स्टीफेन्सी डांस २०१२ मध्यें आफ्रिकेंतील जिबूती येथें आढळला, आणि नंतर इथिओपियांतहि. आफ्रिकेचा जुना हिंवताप मुख्यतः खेड्यांतला. या डांसानें तो शहरांत नेण्याची भीति उत्पन्न केली आहे. म्हणजे आमच्या बाजूनें त्या खंडास दोन वस्तु पोंचल्या: पुण्याची लस, आणि आमच्या टांक्यांतला डांस. पहिलीचा अभिमान बाळगणाऱ्यानें दुसऱ्याचीहि लाज बाळगावी.

एक नेम

डांसाचें अंडें पाण्यांत पडल्यापासून पंख फुटून उडून जाईपर्यंत आमच्या हवेंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस प्रत्येक पिंप, घागर, फुलदाणी व वातशीतकाची टांकी रिकामी करून, आंतून घासून, कोरडी केली, तर एकाहि डांसाचा जन्म पुरा होणार नाहीं. घासणें अवश्य, कारण नुसतें पाणी ओतून दिल्यानें कडेला चिकटलेलीं अंडीं व अळ्या राहून जाण्याचा संभव असतो. गच्चीच्या टांकीचें झांकण घट्ट बसतें कीं नाहीं, हें बिऱ्हाडकरूंनीं आळीपाळीनें वर जाऊन पाहावें. जेथें रिकामें करणें शक्य नाहीं अशा हौदांत गप्पी मासे सोडावे. रात्रीं मच्छरदाणी लावावी. ताप आल्यास त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें, आणि कोणती जात निघाली तें कागदावर वाचावें. औषधाचे दिवस त्यावर अवलंबून आहेत.

आपल्याकडे चातुर्मासांत कांहीं ना कांहीं नेम धरण्याची चाल आहे. कोणी एकभुक्त राहतें, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतें, कोणी लक्ष वाती वाहतें. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचे हे चार महिने म्हणजेच आमच्या भागांत हिंवतापाचे महिने. या काळांत दर शनिवारीं घरांतील सर्व पाणी झांकून अथवा कोरडें करून ठेवावें, असा आणखी एक नेम धरण्यास काय हरकत आहे ? त्यास उद्यापन लागत नाहीं. आणि त्याचें पुण्य एकट्याच्या पदरीं न पडतां साऱ्या चाळीच्या पदरीं पडतें.

अंबरनाथच्या त्या घरीं निघण्यापूर्वीं आम्हीं मुलाच्या पहिल्या तापाचीं औषधें पाहावयास मागितलीं. देवळीच्या कोपऱ्यांत प्रायमाक्विनची चिठ्ठी होती. चौदांपैकीं चार दिवसांच्या गोळ्या संपल्या होत्या, दहा दिवसांच्या तशाच होत्या. "ताप गेला, मग उगीच औषध कशाला, असें वाटलें," आई खालच्या मानेनें म्हणाली. तिचा दोष आम्हांस काढवेना. जें तिला कोणी समजावून सांगितलें नव्हतें, तें तिनें जाणावें तरी कसें? पायरीशीं सज्जांत पाण्यानें कांठोकांठ भरलेलें निळें पिंप होतें. पाणी आरशासारखें स्वच्छ होतें, आणि त्याच्या पृष्ठभागाशीं समांतर, काडीच्या बारीक तुकड्यांसारख्या, दोन-चार अळ्या स्थिर पडल्या होत्या. आम्हीं त्या तिला दाखविल्या. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, हें तर मी देवाच्या पुजेसाठीं वेगळें भरून ठेवलेलें पाणी !"

कार्तिकांत तिचें पत्र आलें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मुलाचे चौदा दिवस या वेळीं पुरे झाले होते, आणि पिंपावर जुन्या पितळी परातीचें झांकण बसलें होतें. पत्राच्या शेवटीं तिनें लिहिलें होतें कीं, मुलगा आतां बहुरूपी जंतूची गोष्ट साऱ्या वाड्याला सांगत हिंडतो, आणि व्हायव्हॅक्सची लस आपण काढणार असें म्हणतो. तो काढो अगर दुसरें कोणी काढो. तोंपर्यंत परात जागची हलूं नये, एवढेंच आमचें सर्व वाचकांस सांगणें आहे.